छतावरची नदी

"बाई, तुमचा पाय," ओळीच्या अगदी टोकाला बसलेली म्हातारी म्हणाली. "तुमचा पाय हलतो ना, तशी ही सगळी ओळ हलते. मला मळमळायला लागतं."

तिने खाली पाहिलं. पाय खरोखरच हलत होता. हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या लांबट खोलीत सगळ्या खुर्च्या एकाच लोखंडी दांड्यावर बसवलेल्या होत्या, आणि त्या दांड्यावरून तिची थरथर एकेका आजारी माणसाच्या पाठीत शिरत शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होती. किती सकाळी ती इथे येऊन बसली होती, आणि रोज किती जणांना तिने असं हलवून सोडलं होतं कोण जाणे. कुणी बोललं नव्हतं इतकंच. "सॉरी," म्हणून तिने तो पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. तर बोटं सुरू झाली. पर्सची चेन उघड, बंद कर, उघड. शेजारी दादा बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे तो असा पाहत होता, की जणू ते आता डावीकडे वळणार आहे आणि वळण्याआधी ते हात दाखवतं की नाही एवढंच त्याला बघायचंय.

ही त्याची जुनीच सवय. गाडी शिकवायचा धंदा. शहरातल्या अर्ध्या लोकांच्या शेजारी तो कधी ना कधी बसलेला होता. घामेजलेल्या हातांनी स्टिअरिंग आवळून धरणाऱ्या बायका, उगाच शेखी मिरवणारी पोरं, निवृत्तीनंतर हौस सुचलेले साहेब, या सगळ्यांना तो एकाच आवाजात सांगायचा, "आता सावकाश डावीकडे." तो आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. आता गाठ निघाली ती नेमकी घशात. तिलाही त्यानेच शिकवायला घेतलं होतं. भर चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, तशी ती दार उघडून उतरली आणि सरळ चालायला लागली. गाडी, दादा, सगळं तिथेच टाकून. तो बाजूच्या सीटवरून सरकला, गाडी घेऊन घरी गेला आणि आईला म्हणाला, "ती येतेय चालत. चहा थोडा उशिरा टाक." ती घरी आली तेव्हा त्या विषयावर तो चकार शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून तो तिला भिंगरी म्हणायला लागला, पण तेही इतक्या सहज, की तिला धड चिडताही आलं नाही.

आतून त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो गेला. ते जाड दार बंद होताना ती नेहमीसारखी दुसरीकडे पाहायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिथल्या टेक्निशियनने, कायम सर्दी झालेला एक भला माणूस तो, तिला आत बोलावून सगळं समजावून सांगितलं होतं. समजलं म्हणजे भीती जाते अशी त्याची कल्पना. पेशंटने तसूभरही हलायचं नाही, म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा केलेला असतो, तो चेहऱ्यावर बसवून टेबलाला खटके लावून घट्ट करायचा. भिंतीपाशी मांडणीवर ते मुखवटे ओळीने ठेवलेले होते. पांढरी नाकं, हनुवट्या, कपाळं. त्यात दादाचा होता. तो तिने चिकटपट्टीवरचं नाव वाचण्याआधीच ओळखला. ओठ किंचित विलग, जणू आता काही सांगणार. आतून दादाला काढून घेऊन कुणीतरी नुसतं साल ठेवून दिलं होतं. ती "हो हो, कळलं" म्हणत बाहेर आली, आणि त्यानंतर त्या दाराच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं.

बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले होते. शर्टाचं वरचं बटण लावत, घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "आत छताला नदी लावलीय."

"काय?"

"नदीचं चित्र. झाडं, पाणी. मागे दिवे असतात, उजळतं. पण चार फरशांवर चिकटवलंय. बरोबर मधून जोड गेलाय. रंगही उडालेत." तो थांबला; एवढं बोललं की त्याला थांबावं लागे. "तू फोटो काढतेस ना? एक चांगली नदी आणून दे की."

मागून आलेला टेक्निशियन नाक पुसत म्हणाला, "आणा, खरंच आणा. तो पॅनेल बदलायचाच आहे. मोठ्या मॅडमना मी विचारलंय. माप देतो मी तुम्हाला."

"जंगलातली," दादा म्हणाला. "शांत अशी. घाई करू नकोस. दोन-चार दिवस लागले तरी लागू देत. तुझी वहिनी सुट्टी काढेल."

ती "हो" म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की त्या 'हो'चा आवाज तिला स्वतःलाच खटकला. शाळा सुटल्याची घंटा ऐकून बाकावरून उठणाऱ्या पोरीचा आवाज होता तो. रस्त्यावर आल्यावर दादाला रिक्षात बसवताना, वहिनीला फोन करताना, स्टुडिओत चार दिवसांची कामं पुढे ढकलताना ती कारणं जुळवत होती. त्यानेच सांगितलं. आजारी माणसाची इच्छा. मलाच जमेल असं एवढंच तर काम आहे. सगळी कारणं खरी होती, आणि तरी ती मोजून मोजून रचावी का लागतायत हे तिला कळत नव्हतं. वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "बरं. जा. मी आहे." वहिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या बोलण्यात मोजमापाबाहेरचं काही नसायचं, त्यामुळे तिच्या 'मी आहे'चं काय करावं हे ऐकणाऱ्याला कळत नसे.

खरं म्हणजे नदी, झाडं, आभाळ यांतलं तिने कधी काही काढलंच नव्हतं. तिचं काम कॅटलॉगचं. किटल्या, इस्त्र्या, बूट, भिंतीवरची घड्याळं. चकचकीत किटलीचा फोटो काढणं म्हणजे स्वतःला लपवण्याची कला. किटलीत सगळी खोली दिसते, दिवे दिसतात, कॅमेऱ्यामागची बाई दिसते. म्हणून ती समोर काळं कापड ताणायची, कापडाला एक भोक, भोकातून फक्त लेन्स. वीस वर्षं ती त्या कापडामागे उभी होती आणि एकाही किटलीत सापडली नव्हती. याचा तिला अभिमान होता. बसच्या काचेला डोकं टेकून जाताना तिला पहिल्यांदाच वाटलं, की हा अभिमान जरा विचित्रच आहे.

नदी मात्र मागवून घेतल्यासारखी निघाली. बस जिथे वळते तिथून पायवाट, मग झाडी, आणि झाडी एकदम बाजूला सरून पाणी. दोन्ही काठांची झाडं पाण्यावर ओणवी झालेली. पाणी हिरवट, जवळजवळ थांबलेलं. त्यावरचं पान पुढे सरकलं की तेवढ्यापुरतं कळायचं, वाहतंय. दगडांवर शेवाळ, काठाला नेचे. तिने ट्रायपॉड उभा केला, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, पण दार नीट लागत नाही त्याचं!"

मधल्या एका उंच दगडावर जंगलखात्याचा गार्ड उभा होता. एक हात कमरेवर, एका हातात फोन. "मी काय म्हणतो, गार होतो, मान्य. पण दार लागत नसेल तर बाहेरचं जग गार करायचंय का मला? तुझ्या बहिणीला विचार." बराच वेळ हे चाललं. तो फ्रीज मेव्हण्याने त्याच्या गळ्यात मारला होता हे तिला लांबूनही कळलं. शेवटी ती पुढे झाली. "जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

"येऊ दे की," तो मोकळेपणाने म्हणाला. "मी असलो तर नदीचं काय बिघडतं?" मग फोन खिशात टाकत खाली उतरला. "काय करणार ताई, रेंज फक्त या दगडावर येते. अख्ख्या जंगलात या एका दगडावर. तुमचाही फोन आता लागायचा नाही. कुणाशी बोलायचं असलं तर इथे चढा."

"नाही, मला कुणाशी बोलायचं नाही," ती म्हणाली. आणि आपल्या छातीतलं काहीतरी सैल झाल्याचं तिला स्पष्ट जाणवलं. फोन लागणार नाही. तिने फोन बॅगेच्या तळाशी, लेन्सच्या डब्याखाली ठेवून दिला.

पण काम होईना. एक फ्रेम नीट वाटायची, आणि कोपऱ्यात एक वाळकी काटकी पाण्यातून वर आलेली दिसायची. स्टुडिओत असतं तर चिमट्याने उचलली असती. तिने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात शिरून काटकी उपटली. त्याने पाणी ढवळलं, गढूळ झालं. ती थांबली. पाणी निवळलं तोवर ऊन सरकलं आणि समोरच्या खडकावर चकाकी आली. चकाकी गेली तर वरून पानं गळायला लागली, वेड्यासारखी, सगळी एकदम. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की पाणी दुधाची साय पसरावी तसं दिसे, आणि लवकर मिटलं की काचेच्या चुऱ्यासारखं. तिने इकडून काढले, तिकडून काढले, काठ बदलला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकामागून एक नद्या येत होत्या आणि एकही स्वस्थ नव्हती. प्रत्येक फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी निघून जाण्याच्या तयारीत होतं. दूर एका झाडाला टेकून पाव खाणारा गार्ड तिची ही उलथापालथ बघत होता. "ताई," त्याने तिथूनच विचारलं, "हरवलंय का काही?"

दुपारी कधीतरी तिला सुचलं, की हे चित्र उभ्याने बघायचंच नाहीये. ते पाठीवर पडून बघायचंय. मग तिने काठावरच्या ओल्या गोट्यांवर अंग टाकलं. हनुवटी किंचित वर, हात अंगाशी सरळ. हलायचं नाही असं ठरवलं. आवंढासुद्धा गिळायचा नाही. टेक्निशियनने सांगितलं होतं, किरणांचा बीम सुरू असताना शक्यतो गिळू नका. डोक्यावर पानांचं छत, त्यात आभाळाच्या चिंध्या. कानापाशी पाण्याचा आवाज, एरवी जो गोड वाटतो तो, इतका जवळ आला की कुणीतरी दाराबाहेर न थांबता कुजबुजतंय असं वाटायला लागलं. मानेवरून मुंगी चालली. हलायचं नाही. घशात थुंकी साठली. हलायचं नाही. असं दादाने किती वेळ पडायचं रोज? आणि जाड दार बंद करून सगळी माणसं बाहेर जातात, कारण तिथे थांबणं धोक्याचं, आणि एकटा तोच आत, त्याला मात्र ते धोक्याचंच द्यायचं. चेहऱ्यावर जाळी. डोळ्यावर, नाकावर, ओठांवर. ती धडपडत उठून बसली, तोंड उघडं टाकून, पाण्यातून वर आल्यासारखी. तशीच ती गुडघ्यांवर सरकत ट्रायपॉडपाशी गेली, त्याचे पाय दुमडून कॅमेरा जमिनीलगत आणला आणि फारसं न बघता शटर दाबलं. कोपऱ्यात आणखी एक काटकी होती. पानं गळत होती. खडक चकाकत होता. तिने काहीही उचललं नाही.

ऊन उतरायला लागलं तशी तिला बस आठवली, आणि बसबरोबर फोन. सबंध दिवस आपण त्या दगडाला वळसा घालत होतो हेही तेव्हाच लक्षात आलं. एकदाही, चुकूनही, आपण त्याच्यावर पाय ठेवला नव्हता. "जा की वर," गार्ड जाता जाता म्हणाला, "घरचे काळजी करत असतील." ती चढली. हातातला फोन आधी गप्प होता, मग एकदम थरथरायला लागला आणि थांबेचना. वहिनी. वहिनी. वहिनी. एकाखाली एक. दुपारपासून. पायाखालचा दगड गार पडला होता आणि पाणी दोन्ही बाजूंनी निवांत चाललं होतं. झालं, तिच्या मनात आलं. आपण इथे काटक्या उपटत होतो आणि झालं.

"अगं आहेस कुठे तू?" वहिनीचा आवाज आला. "मशीन बंद पडलं आज. सकाळी तासभर बसवून परत पाठवलं. तू उद्या तिकडेच राहणार का, म्हणजे मी परवाची पण सुट्टी टाकते, एवढंच विचारायचं होतं."

"एवढंच?"

"मग आणखी काय?"

ती दगडावर खाली बसली. हसू आलं की रडू हे तिलाच कळलं नाही. "मला वाटलं... दादा कसा आहे?"

"झोपलाय. मिळाली का नदी?"

"मिळाली बहुतेक. वहिनी, पण त्याला आवडेल ना गं? त्या जाळीतून कसं दिसत असेल, किती उंचावर आहे ते छत, मी सगळा विचार केला, पण—"

वहिनी तिच्या त्या मोजक्या आवाजात म्हणाली, "त्याला काय दिसणार? चष्मा काढून ठेवायला लावतात आत जाताना. चष्म्याशिवाय त्याला माझं नाक कुठे आहे ते दिसत नाही."

हे तिला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. आंघोळीहून बाहेर आलेला दादा भिंत चाचपत यायचा आणि खुंटीवरच्या टॉवेलला "आई, बाजूला हो" म्हणायचा, यावर घरात वर्षानुवर्षं हशा पिकलेला होता. छतावरची नदी, मधला जोड, उडालेले रंग. त्याने त्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती ताठ बसून राहिली. आधी राग आला. मग तो राग कुणाचा, हा प्रश्न आला. बाहेर झाडं काळी होत मागे पळत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात पातळ सूपचा वाडगा घेऊन बसला होता. एकेक घोट म्हणजे एकेक काम होतं. प्रत्येक घोटाआधी तो डोळे मिटायचा.

"तुला छत दिसतच नाही," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी बेसिनपाशी पाठ करून उभी होती. "तुझ्या पोटात काही राहत नाही," तो तिच्या पाठीला म्हणाला.

"मग ते फरशांचे जोड? रंग?"

"टेक्निशियनने सांगितलं. त्यालाच ते चित्र आवडत नाही. रोज कुरकुर करतो."

"म्हणजे मला कटवलंस."

"हो." त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. "तू बाहेर बसलीस ना, की मला वाटत राहतं, ही आता उठून जाणार. आत टेबलावर पडलो तरी डोक्यात तेच. आहे का? गेली? माझं मला निभवायचं का तुझ्याकडे लक्ष द्यायचं? म्हटलं, आपणच पाठवून द्यावं. मग गेली की आहे, हा प्रश्नच नको."

तो रागाने बोलत नव्हता. रागाने बोलला असता तर तिला काहीतरी उलट म्हणता आलं असतं. एवढं बोलून त्याचा घसा दुखला असावा, कारण तो वाडग्याकडे बघत बसला. नळ वाहत होता. वहिनीने तो बंद केला. दादासमोरून ती वळली, बाहेरच्या खोलीत आली, दारापाशी वाकून तिने चपला पायात सरकवल्या. कुणीही "थांब" म्हटलं नाही. दार उघडंच होतं. जिना, जिन्याच्या खाली रस्ता, रस्त्यावर लोक आपापल्या कामाला चाललेले. ती तशी किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिने चपला काढल्या, आत गेली, ओढून एक स्टूल घेतलं आणि त्याच्यासमोर बसली. "उद्यापासून मीच येणार," ती म्हणाली. "आणि जाणार नाही. तुला विश्वास ठेवायचा नसेल तर नको ठेवूस." वाडगा त्याने पूर्ण संपवला. आठवड्यात पहिल्यांदा, असं नंतर वहिनी म्हणाली.

पॅनेल बसवायला पुढचा आठवडा उजाडला. कोणता फोटो द्यायचा याचा तिने फार विचार केला नव्हता. काटकीवालाच दिला. त्या सकाळी दादाला आत बोलावलं तेव्हा तीही उठली. टेक्निशियनला म्हणाली, "मला बघायचंय." त्याने तिच्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि स्वतःच्या काचेच्या खोलीत तिला खुर्ची दिली. समोर पडदा होता. पडद्यावर वरून दिसणारा दादा: टेबल, चादर, दोन अनवाणी पाय, आणि चेहऱ्याच्या जागी ती पांढरी जाळी. तिने नजर काढली नाही.

"बोलायचं असेल तर हे बटण," टेक्निशियन म्हणाला. "त्यांना ऐकू जाईल. उत्तर देता येणार नाही. हात वर केला तर मी थांबवतो. आणि हसवू नका हं, हनुवटी हलते."

तिने बटण दाबलं. "दादा, मी आहे इथे." पुढे काही सुचेना. सांगण्यासारखं कितीतरी होतं, जंगलाचं, गार्डचं, घरचं. बोट तिने बटणावरून उचललंच नाही. मशीनचा भला मोठा हात त्याच्याभोवती फिरायला लागला, थांबला, पुन्हा फिरला, आणि तेवढा सगळा वेळ त्या बंद खोलीत तिचा नुसता श्वास ऐकू जात राहिला असणार. टेक्निशियनने एकदा बटणाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा पडद्याकडे वळवली.

दार उघडल्यावर ती टेक्निशियनच्या मागोमाग आत गेली. खटके सुटले. "धरा," म्हणून त्याने जाळी तिच्या हातात दिली. ती कोमट होती आणि अगदीच हलकी. तिने ती मांडणीवर ठेवली, शेजारच्या ट्रेमधला चष्मा उचलला, दादाच्या कानांवर नीट बसवला. उठायचं सोडून तो तसाच पडून राहिला आणि वर पाहायला लागला. त्याच्या काचांमध्ये दोन छोट्या हिरव्या नद्या उजळल्या.

त्याची नजर हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. मग म्हणाला, "ही कुठून कुठे जाते?"

तिने मान वर केली. ती त्याच्या डोक्याशी उभी होती, त्यामुळे तिला सगळं उलटं दिसत होतं. "थांब," म्हणत ती त्याच्या बाजूला आली, खाली वाकली, आणि आपलं डोकं टेबलाच्या कडेला, त्याच्या डोक्याशेजारी टेकवलं. आता दिसलं. "तुझ्या पायांकडून येते," ती म्हणाली. "आपल्या डोक्यावरून मागे जाते."

"आणि मग?"

"माहीत नाही. त्या बाजूला मी गेलेच नाही."

दारातून टेक्निशियन म्हणाला, "चला, उठायचं का हळूहळू? पुढचे पेशंट खोळंबलेत."

"थांबा हो जरा," छतावरची नजर न काढता दादा म्हणाला. "आम्ही आत्ताच पोचलोय."